४६२००३ : एका पिनकोडाचा गणिती अभ्यास

चार लाख बासष्ट हजार तीन. ही संख्या कोणाच्या बँकेतील शिल्लक नव्हे आणि कुठल्या निवडणुकीतील मतेही नव्हेत. भोपाळ शहरातील टी. टी. नगर या वसाहतीचा तो पिनकोड आहे. माझी आत्या तेथे राहते. या आकड्याशी माझा परिचय लहानपणापासूनचा, कारण आजीची पत्रे मी लिहीत असे. आजीला कमी ऐकू येते, त्यामुळे फोनवर बोलणे तिला जमत नाही. ती सांगणार आणि मी लिहिणार, असा आमचा रिवाज.

मागच्या वर्षी पाकिटावर पत्ता लिहिताना माझ्या हातून शेवटचे दोन अंक उलटे पडले. ४६२००३ ऐवजी मी ४६२०३० लिहिले. हाही भोपाळचाच पिनकोड, पण बैरागडचा. पत्रात आजीने आत्याला एक गोष्ट विचारली होती. ती काय होती हे येथे सांगण्याचे कारण नाही. चारचौघांत फोनवर विचारण्यासारखी ती नव्हती, एवढे पुरे. तीन आठवडे झाले तरी उत्तर आले नाही. आजीने कोणाला काही विचारले नाही. उत्तर न येणे हेच उत्तर, असे तिने मनाशी धरले आणि भरून ठेवलेली लहान पिशवी पुन्हा कपाटात रिकामी केली.

चूक सर्वस्वी माझी होती. पण त्या निमित्ताने मला प्रश्न पडला की, दोन अंकांची जागा बदलली तर संख्येत नेमके काय बदलते, आणि ही चूक पाकीट पेटीत टाकण्यापूर्वीच पकडता आली असती का? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, गणिताची नव्हे. तेव्हा पुढील मजकुरात दहावीपर्यंतच्या गणितापलीकडे फारसे काही नाही. वाचकांनी कागद-पेन्सिल जवळ ठेवावी, ही विनंती.

आकडा आला कोठून?

आपल्या देशात पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. ते संस्कृत कवीही होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एकाच नावाची गावे, निरनिराळ्या लिपींतील पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरे यांतून वाट काढण्यासाठी सहा अंकांचा हा उपाय निघाला.

या सहा अंकांत क्रम आहे. पहिला अंक विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले दोन अंक मिळून उपविभाग, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. तेव्हा ४६२ म्हणजे भोपाळ आणि ००३ म्हणजे टी. टी. नगर. आपल्या बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयाचा आकडा ५९०००१, म्हणजे आपला विभाग ५. माहेर आणि सासर यांच्यातले अंतर पहिल्याच अंकात दिसते.

टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. रामचंद्र पांडुरंग टोपे हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे. १८५९ साली त्यांना शिवपुरी येथे फाशी देण्यात आले. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले. तेथील या वसाहतीला असे मराठी माणसाचे नाव आहे. पुढे नाशिक जिल्ह्याचाच आणखी एक माणूस या लेखात येणार आहे.

संख्येचे अवयव

प्रथम ४६२००३ चे अवयव पाडू. अंकांची बेरीज ४ + ६ + २ + ० + ० + ३ = १५. तिला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ४६२००३ = ३ × १५४००१.

आता १५४००१ चे काय? तिच्या अंकांची बेरीज ११, म्हणून ३ ने भाग नाही. पुढची पायरी सोपी करणारी एक गोष्ट येथे लक्षात येते. १५४००० = २⁴ × ५³ × ७ × ११. म्हणजे १५४००० ला २, ५, ७ आणि ११ या चौघांनीही पूर्ण भाग जातो. मग तिच्या लगतच्या १५४००१ ला या चौघांपैकी कोणीही भागले तरी बाकी १ उरणार. चार भागाकार न करताच सुटले.

उरलेल्यांसाठी मात्र कष्ट आहेत. १५४००१ चे वर्गमूळ ३९२ आणि ३९३ यांच्या मध्ये येते. एखाद्या संख्येला स्वतःच्या वर्गमुळापर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर ती स्वतः मूळ संख्या असते. ३९२ पर्यंत मूळ संख्या ७७ आहेत. पाच निकालात निघाल्या, राहिल्या ७२. ते ७२ भागाकार मी दोन संध्याकाळी वहीत केले. ७१ ने भागले तर बाकी २, २४१ ने भागले तरी बाकी २. या दोन ठिकाणी हातातोंडाशी आलेला घास गेला असे वाटले. शेवटच्या ३८९ ने भागल्यावर बाकी ३४६ उरली आणि १५४००१ ही मूळ संख्या ठरली. आमच्या कन्नड विभागातील एका मैत्रिणीने तेच भागाकार स्वतंत्रपणे केले. दुहेरी नोंद हिशोबात लागते तशी गणितातही लागते.

म्हणजे ४६२००३ ला विभाजक चारच : १, ३, १५४००१ आणि ती स्वतः. तिच्याहून तीनच पावले मागे असलेली ४६२००० पाहा. तिचे अवयव २⁴ × ३ × ५³ × ७ × ११. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते : ५ × २ × ४ × २ × २ = १६०. एका घरी एकशे साठ माणसांचा राबता, आणि तीन घरे पलीकडे चौघेच!

भोपाळचा ४६२ हाही अंक पाहण्यासारखा आहे. ४६२ = २१ × २२. शिवाय अकरा जणांतून पाच जण निवडण्याचे प्रकारही बरोबर ४६२ होतात. आमच्या अभ्यासक्रमात क्रमचय-संचय आहे, त्यांनी सूत्र घालून पाहावे.

मूळ संख्यांविषयी फर्माचा एक सुंदर नियम आहे. ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर १ बाकी उरते, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. १५४००१ ला ४ ने भागल्यावर १ उरतो. म्हणून शोध घेतला. ३९२ पासून खाली उतरत आठव्या प्रयत्नाला सापडले : ३८५² + ७६² = १४८२२५ + ५७७६ = १५४००१. ३८५ चा वर्ग तोंडी येतो : ३८ गुणिले ३९ म्हणजे १४८२, त्यापुढे २५. पण गंमत अशी की, या संख्येला ३ ने गुणून आपला पिनकोड केला की हा गुण नाहीसा होतो. ४६२००३ ला ४ ने भागले की ३ बाकी उरते, आणि अशी संख्या दोन वर्गांची बेरीज कधीच नसते.

देवळालीच्या मास्तरांच्या कसोट्या

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळामास्तर म्हणून त्यांनी आयुष्य घालवले. संख्या हाच त्यांचा छंद. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाचे लक्ष देवळालीकडे गेले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या तीन कसोट्या आपल्या संख्येला लावू.

पहिली 'हर्षद' संख्येची, म्हणजे हर्ष देणारी. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला की ती हर्षद. १२ चे अंक मिळून ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो. ४६२००३ च्या अंकांची बेरीज १५. पण शेवटी ३ असल्याने ५ ने भाग जात नाही, मग १५ ने कसा जाणार? हर्षद नाही. शेजारची ४६२००० मात्र आहे : अंकांची बेरीज १२, आणि भागाकार ३८५००.

दुसरी 'स्वयंभू' संख्येची. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ + ५ मिळवले की २१; म्हणून १५ ही २१ ची जनक. ज्या संख्येला असा कोणीही जनक नाही ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०. आपल्या संख्येचा जनक शोधला. ९ ने भागून येणाऱ्या बाकीचा विचार केला तर थोड्याच संख्या तपासाव्या लागतात, आणि त्यांत एकच सापडतो : ४६१९७३. तिच्या अंकांची बेरीज ३०, आणि ४६१९७३ + ३० = ४६२००३. तेव्हा टी. टी. नगर स्वयंभू नाही, त्याला एकुलता एक जनक आहे.

तिसरी कसोटी सर्वांत प्रसिद्ध. चार अंकी संख्या घ्या, सर्व अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तराला पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला होता. सहा अंकी संख्यांच्या बाबतीत मात्र शेवट एकच नसतो. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि काही सात संख्यांच्या एका चक्रात कायमच्या फिरत राहतात. आपली संख्या कोठे जाते ते पाहू.

६४३२०० − ००२३४६ = ६४०८५४
८६५४४० − ०४४५६८ = ८२०८७२
८८७२२० − ०२२७८८ = ८६४४३२
८६४४३२ − २३४४६८ = ६२९९६४
९९६६४२ − २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ − ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

येथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. सात पायऱ्यांनी आपण चक्रात शिरलो आणि ते चक्रही सातांचेच. एकदा चुकीच्या थैलीत पडलेले पत्र असेच फिरत राहिले असते तर, असा विचार वजाबाक्या करताना माझ्या मनात आला.

नऊचा नियम आणि न जुळणारी तेरीज

वरील सातही उत्तरांच्या अंकांची बेरीज करून पाहा. प्रत्येकीला ९ ने भाग जातो. हा योगायोग नव्हे. १० मधून १ वजा केला की ९, १०० मधून ९९, १००० मधून ९९९. म्हणून कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते. अंकांची जागा कशीही बदला, बेरीज तीच राहते. म्हणून मूळ संख्या आणि बदललेली संख्या यांतील फरकाला ९ ने भाग जातोच.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा नियम दुसऱ्या वाटेने भेटतो. तेरीज जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आधी खतावणी करताना अंकांची अदलाबदल झाली आहे का ते पाहावे, असे आम्हाला पहिल्याच वर्षी सांगतात. माझ्या चुकीत ४६२०३० − ४६२००३ = २७, म्हणजे ९ × ३. आणि हा ३ म्हणजे ज्या दोन अंकांची जागा बदलली त्या ३ आणि ० मधील फरक! लगतचे दोन अंक उलटले की फरक नेहमी ९ गुणिले त्या अंकांतील अंतर, आणि पुढे असतील तितकी शून्ये.

पण हाच नियम पिनकोडाच्या पडताळ्याला कुचकामी ठरतो. तेरजेत दुसरी बाजू असते म्हणून फरक दिसतो. पाकिटावर एकच आकडा असतो. त्याची ९ ची बाकी मी पाठ केली असती तरी ४६२००३ आणि ४६२०३० या दोघांचीही बाकी ६ च. इतकेच नव्हे, बेळगावच्या ५९०००१ च्या अंकांची बेरीजही १५ च आहे. नऊच्या नजरेला बेळगाव आणि टी. टी. नगर यांत फरकच दिसत नाही!

अकराचा पडताळा

नऊने जे जमत नाही ते अकराने जमते. अकराची बाकी काढायची रीत सोपी : उजवीकडून सुरुवात करून एक अंक मिळवा, पुढचा वजा करा. ४६२००३ साठी ३ − ० + ० − २ + ६ − ४ = ३. ४६२०३० साठी ० − ३ + ० − २ + ६ − ४ = −३, त्यात ११ मिळवले की ८. बाक्या निराळ्या, चूक सापडली. ५९०००१ ची बाकी ५, म्हणजे बेळगावही वेगळे ओळखू आले.

हे नेहमीच होईल का? होईल, आणि त्याची सिद्धता दोन ओळींची आहे. एकच अंक चुकला तर फरक १ ते ९ पैकी एक संख्या आणि पुढे काही शून्ये, असा असतो. त्याला ११ ने भाग जाणे शक्य नाही. लगतचे दोन भिन्न अंक उलटले तर फरक ९ गुणिले १ ते ९ पैकी एक संख्या आणि पुढे शून्ये. ११ ही मूळ संख्या असून ती या अवयवांपैकी कशालाच भागत नाही, म्हणून येथेही भाग जात नाही. तेव्हा या दोन्ही प्रकारच्या चुका अकराच्या हातून सुटत नाहीत.

मर्यादाही सांगितली पाहिजे. एक घर सोडून दोन अंकांची अदलाबदल झाली तर फरक ९९ च्या पटीत येतो आणि अकरा फसते. ४६२३०० ची बाकीही ३ च येते. शिवाय बाकी १० आली तर ती एका अंकात लिहिता येत नाही. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी क्रमांकात म्हणूनच शेवटी कधी कधी 'एक्स' दिसतो.

आज आपण वापरतो त्या पुष्कळ आकड्यांत पडताळ्याची सोय आधीच केलेली असते. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा पडताळ्याचा असतो. व्हेरहोफ या डच गणितज्ञाच्या रीतीने तो काढतात. वस्तू व सेवा कराच्या पंधरा अक्षरी क्रमांकातही शेवटचे अक्षर पडताळ्याचे. पिनकोडात तशी सोय नाही, कारण सहाही अंक ठिकाण सांगण्यातच खर्च झाले आहेत. चुकीचा पिनकोडही कधी कधी कोठल्या तरी खऱ्या गावाचाच निघतो.

बासष्ट की साठ दोन?

द्विभाषिक घरात वाढल्यामुळे सुचलेली एक गोष्ट येथे जोडते. मराठीत आपण 'बासष्ट' म्हणतो, तेव्हा कानावर आधी दोन पडतो आणि मग साठ. हाताने मात्र आधी ६ लिहायचा असतो. कन्नडमध्ये 'अरवत्तेरडु', म्हणजे आधी साठ, मग दोन. कान आणि हात एकाच दिशेने चालतात. मराठी माध्यमात शिकलेल्या मला दुकानात कन्नडमधून आकडे ऐकून लिहिताना कमी अडखळायला होते, हे कबूल केले पाहिजे. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ दोन' अशी वाचनाची रीत दिली गेली तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीसाठी त्या रीतीचे समर्थन केले होते. 'बासष्ट' हा शब्द मला प्रिय आहे आणि तो जावा असे मला वाटत नाही. पण पिनकोड सांगताना एकेक अंक सुटा सांगावा, एवढे मी त्यातून शिकले.

शेवटी

आत्याने ते पाकीट नंतर मला दाखवले. माझ्या ४६२०३० भोवती कोणीतरी पेनने गोल केला होता आणि पत्त्यातील 'टी. टी. नगर' या शब्दांखाली रेघ ओढली होती. त्या अज्ञात माणसाने आकड्यावर विसंबून न राहता नाव वाचले. पिनकोडात पडताळ्याचा अंक नाही हे खरे. पण पूर्ण पत्ता लिहिला असेल तर त्यातले नाव हाच पडताळा असतो, आणि तो वाचणारा माणूस लागतो. म्हणून 'पिनकोड लिहिला की झाले' असे समजून पत्ता आखडता घेऊ नये.

आत्याचे उत्तर आले, ते 'हो' असे होते. आजीने पिशवी पुन्हा भरली. आता ती टी. टी. नगरलाच असते आणि पत्रे मी तिला लिहिते. तिच्या जुन्या पत्त्यांच्या वहीत मी प्रत्येक पिनकोडापुढे लाल शाईने अकराची बाकी लिहून ठेवली आहे. पाकीट चिकटवण्यापूर्वी उजवीकडून मोजते : तीन, वजा शून्य, अधिक शून्य, वजा दोन, अधिक सहा, वजा चार. तीन आले की पाकीट पेटीत टाकते.